जिजी, जुलेखाने सांगितलं नव्हतं

जिजी,

तेराव्याला मी धारला आले होते. तुमच्या पुढच्या खोलीत, सतरंजीवर, दाराजवळ बसले होते. येणारा प्रत्येक जण तुमच्याबद्दल एकच सांगत होता. "अक्का म्हणजे वाघीण! पंचावन्नाव्या वर्षी एकटी समुद्रापार नोकरीला गेली. भीती म्हणून ठाऊक नव्हती तिला." तुमचे धाकटे दीर म्हणाले, शाळेतल्या बाई म्हणाल्या, समोरचे दुकानवाले भिया हिंदीतून तेच म्हणाले. मग तुमची सून माझ्याकडे वळली. "तुम्ही तर तिथं आईंच्या सोबत राहिलात. दोन शब्द बोला ना."

मी उभी राहिले, "जिजी गणित फार छान शिकवायच्या" इतकंच म्हणाले आणि खाली बसले.

काय बोलणार होते? तुम्ही किती भीत होतात, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. आणि मी किती भित्री आहे, हे तर तुम्हालाही कळलं नाही. तेच आज लिहायला बसले आहे. तुम्ही असताना सांगायला हवं होतं. चार वर्षं मिळाली होती मला.

मराठीतून लिहिते आहे. चुका असतील. हिंदी शाळेत शिकलेली देवासची मुलगी मी, 'सगळं' म्हणताना जीभ 'सगलं'वर घसरायची, आणि तुम्ही भाजी चिरता चिरता सुरी रोखून म्हणायच्या, "ळ. जीभ उलटी कर. पुन्हा म्हण." आपल्या गावांमध्ये दोन बसचं अंतर, पण हिंदुस्थानात आपण एकमेकींच्या उंबऱ्याला पाय लावला नसता. तुमच्या सासरचे लोक संस्थानच्या दफ्तरात कारभारी, माझे पणजोबा देवासच्या दरबारात अंगरखे शिवणारे. आपण शिकवायला गेलो त्या बेटावरच्या शाळेने मात्र दोघींना एका घरात ठेवलं. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही एकाच गावच्या ना?" आपण दोघी एकदम "नाही" म्हणालो आणि एकदम हसलो.

मी पहिल्याच दिवशी तुम्हाला जिजी म्हटलं. "जिजी काय गं? ताई म्हण," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "आमच्याकडे मोठ्या बहिणीला जिजीच म्हणतात. माळव्यात राहतो तर माळव्याचं म्हणायला काय झालं?" तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, "बरं, पण दुसऱ्यांसमोर नको." महिन्याभरात तुम्ही स्वतःच फोनवर सुनेला सांगत होतात, "ही मजला जिजी म्हणते."

त्या बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला वीस मिनिटांत चालत जाता यायचं. चहूबाजूंनी पाणी. तुम्हाला समुद्राची दहशत होती. तुमच्या खोलीची खिडकी पाण्याकडे उघडायची, तिच्यावर तुम्ही जुनं लुगडं ताणून बांधलं होतं. "नजरेस पडलं नाही की निम्मं भय जातं," म्हणायच्या. उरलेलं निम्मं कानातून यायचं. शाळेतून येताना तुम्ही माझा दंड इतका घट्ट धरायच्या की बोटं उमटायची.

आणि दुसरं भय कागदाचं. करारासोबत नियमांचं एक पान आलं होतं. परधर्माची मूर्ती आणू नये, पूजाअर्चा उघड करू नये. मी न वाचता सही केली होती. तुम्ही धारला देवघरासमोर बसून ते तीन वेळा वाचलंत आणि मग सही केलीत. म्हणून पहिल्या वर्षी चतुर्थीला आपण फोनवरच्या गणपतीला हात जोडले आणि वर्गावर गेलो. 

दुसऱ्या वर्षी श्रावण संपता संपता तुम्ही पोळ्या लाटताना म्हणालात, "यंदा चवथीला गणपती बसेल."

"जिजी, पागल झालात का? नोकरी जाईल. दोघींची."

"घाबरतेस?"

"हो."

"मीही घाबरते. म्हणून काय बाप्पांना सांगू, यंदा येऊ नका, आम्हाला सोयीचं नाही?"

तीन दिवस आपण भांडलो. मी म्हणत होते, पाहुण्याच्या घरी पाहुण्यासारखं राहावं, त्यांचा नियम तो नियम. तुम्ही म्हणत होतात, बंद खोलीत कणकेचा गोळा ठेवला तर कुणाचं काय जातं. आजही मला वाटतं, माझं चुकत नव्हतं. आजही वाटतं, तुमचंही चुकत नव्हतं. भांडण मिटलं नाहीच. चतुर्थीच्या पहाटे तुम्ही परातीत कणीक आणि हळद घेऊन बसलात, आणि मी उठून तुमच्या शेजारी बसले, एवढंच.

सोंड काही टिकेना. लावली की गळून पडायची. शेवटी आत दात कोरायची काडी घातली. डोळ्यांना दोन मिरे. मी म्हटलं, "जिजी, हा हत्ती कमी आणि उंदीर जास्त वाटून राहिला," आणि तुम्ही पिठाच्या हाताने मला चापट मारलीत. तो डाग कितीतरी दिवस माझ्या ओढणीवर होता, मी धुतला नव्हता.

मोदकांना नारळ शेजारच्या जुलेखाने दिला होता. तिला कारण सांगितलं नव्हतं. जुलेखाचा नवरा मासेमारीच्या बोटीवर, महिना महिना बाहेर. तिची बहीण बेटावरच्या छोट्या दवाखान्यात परिचारिका. सिनेमे बघून बघून शिकलेलं हिंदी जुलेखा अगदी ठसक्यात बोलायची. तुम्हाला 'बडी टीचर' म्हणायची, मला 'छोटी'. तिच्या अंगणात लाल जास्वंद होती. तुम्ही उजाडायच्या आत जाऊन तिचं एक फूल न विचारता तोडून आणलंत. फूल ठेवताना "साठीकडे चालले, आणि चोरी शिकले," म्हणालात.

खिडक्या बंद, पंखा बंद, वाटीत एक वात. आपण आरती कुजबुजत म्हटली. टाळी म्हणून एका तळव्यावर दोन बोटं. घामाने तुमचं कुंकू ओघळत होतं. मी कुठे अडखळले तर तुम्ही ओठ हलवून सांगत होतात. आणि शेवटच्या कडव्याला दार वाजलं.

जिजी, तो आवाज मी अजून ऐकते. इथं देवासला कुरियरवाला आला तरी मी आधी खिडकीतून बघून घेते.

तुम्ही वात बोटांनी विझवलीत आणि गणपतीवर पोळ्यांचा मोठा डबा पालथा घातलात. मी दार उघडलं. जुलेखा होती. "खुशबू आ रही है, टीचर! अकेले अकेले मीठा?" म्हणत सरळ आत आली आणि डब्याजवळच्या खुर्चीत बसली. तुम्ही तिला मोदक दिलात. तिने दोन खाल्ले, तूप मागून घेतलं, कळ्या कशा पाडता म्हणून विचारलं. मी डब्याकडे बघत नव्हते, म्हणून मला उशिरा दिसलं. जास्वंदीच्या दोन लाल पाकळ्या डब्याच्या काठाखालून बाहेर आल्या होत्या.

जुलेखाचीही नजर तिथं गेली. ती उठली, पदराला हात पुसल्यासारखे ओढणीला पुसले आणि दाराशी जाऊन म्हणाली, "फूल चाहिए तो बोलने का. और भी लगे हैं."

ती गेल्यावर तुम्ही जमिनीवरच बसलात. "तिने पाहिलं. सांगेल ती."

"नाही सांगणार."

"तुला काय ठाऊक?"

मला ठाऊक नव्हतं. मीही रात्रभर हाच विचार करत होते की कोण कधी बोलावेल.

दुसऱ्या दिवशी दीड दिवसाचं विसर्जन. मी बादली भरून ठेवली. तुम्ही बघितलीत आणि म्हणालात, "बादलीत? गणपती आहे की धुणं?" ज्या बाईने सव्वा वर्ष समुद्राकडे पाठ केली होती, तिला गणपती समुद्रातच सोडायचा होता. भर दुपारी, जेवून सगळं बेट झोपलेलं असताना, आपण स्टीलच्या डब्यात बाप्पा घेऊन निघालो. तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरलात. एका हातात डबा, दुसऱ्या हातात माझं मनगट. कणीक पाण्यात विरायच्या आधीच लहान लहान मासे जमले. "खाऊन टाकतायत गं," तुम्ही म्हणालात, रडत होतात की हसत होतात मला कळलं नाही. आणि वळताना तुम्ही छातीवर हात ठेवलात आणि ओल्या वाळूत बसलात.

तुमचं तोंड राखेसारखं झालं होतं. मी नुसती उभी होते.  जुलेखाने तिच्या परसातून पाहिलं असावं. ती धावत आली, शहाळं फोडून आणलं होतं, तुमचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट पाजलं. तुम्ही सगळं प्यालात. मग डोळे उघडून पहिलं वाक्य बोललात ते मराठीत आणि मला: "कुणाला सांगायचं नाही."

घरी आल्यावर तुम्ही माझा हात धारहून आणलेल्या गंगाजळाच्या कुपीवर ठेवून मला शपथ घ्यायला लावलीत. शाळेला कळलं तर परत पाठवतील, धारला कळलं तर मुलगा बोलावून घेईल. दोन वर्षांचा करार पुरा करूनच जायचं होतं तुम्हाला. जन्मात पहिल्यांदा काहीतरी स्वतःच्या नावावर चालू केलं होतंत, ते अर्धं टाकायचं नव्हतं. मला हे समजत होतं. पण मग तुम्ही जे बोललात त्याने माझी झोप गेली. "आणि इथेच काही झालं तर, मजला मातीत घालू देऊ नकोस. इथं दहन करत नाहीत. तू बघ काय ते."

मी काय बघणार होते, जिजी? मी तीस वर्षांची होते. देवासला टेकडीवर देवीच्या दर्शनालाही चार जणींबरोबर जायची. रोज सकाळी तुमच्या खोलीबाहेर उभी राहून मी बांगड्यांचा आवाज येतो का ते ऐकायची. आवाज आला की चहा ठेवायची. एकदा बराच वेळ आला नाही. मी दार ढकलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. आत जायची हिंमत झाली नाही. तुम्ही न्हाणीघरात होतात, एवढंच.

त्यानंतर शाळेच्या जिन्यात तुम्ही पुन्हा कठडा धरून थांबलात. मुलं बाजूने धावत होती. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत, नाही म्हणून. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं.

मी सांगितलं, जिजी. जुलेखाने नाही.

आणि हे तुमच्यावरच्या प्रेमाने केलं असं मी म्हणू शकत नाही. म्हणायला आवडेल. मी भीतीने केलं. उद्या सकाळी तुमचं दार मला उघडावं लागेल, ह्या भीतीने. मुख्याध्यापकांना मी माझं नाव कुठे घेऊ नका म्हणून हात जोडले. ते सज्जन होते, त्यांनी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुम्हाला तपासणीसाठी बोटीने राजधानीला पाठवलं. मी सोबत. बोट लाटांवर आपटत होती, तुम्ही डोळे मिटून माझ्या खांद्यात तोंड खुपसलं होतं. अर्ध्या वाटेवर तसंच, डोळे न उघडता म्हणालात, "जुलेखाच. तिनेच पाहिलं होतं. बहीण दवाखान्यात. गणपतीचंही सांगितलं असेल."

मी तोंड उघडलं. वाऱ्याने ओठ कोरडे पडले होते. आणि मी म्हणाले, "असेल."

एवढा एकच शब्द.

डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, अजून आठ-दहा दिवस गेले असते तर सांगता येत नव्हतं. मायदेशी जा, उपचार घ्या. तुमचा करार तिथेच संपला. सामान न्यायला आपण बेटावर आलो, तेव्हा जुलेखा धक्क्यावर उभी होती. हातात पुडकं होतं. तुम्ही तिच्यासमोरून गेलात आणि मान फिरवलीत. सव्वा वर्ष टाळलेल्या समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिलात, पण तिच्याकडे बघितलं नाहीत. तिने पुडकं माझ्या हातात दिलं. "बडी टीचर गुस्सा है?" मी म्हटलं, तब्येत बरी नाही. पुडक्यात नारळाच्या वड्या होत्या. तुम्हाला मी दिल्या नाहीत. स्वतःही खाल्ल्या नाहीत. मुंग्या लागल्या.

त्यानंतर सात महिने मी तिच्या शेजारी राहिले. ती विचारायची, "फोन आता है उनका?" मी म्हणायची, नेटवर्क नाही.

तुमच्यावर इंदूरला उपचार झाले. तुम्ही सावरलात. नात झाली, तिला तुम्ही मांडीवर घेऊन अक्षरं शिकवलीत, धारच्या गल्लीतून पुन्हा भाजी निवडून आणू लागलात. मी देवासजवळच्या टोंकखुर्दच्या शाळेत लागले. दिवाळीत, संक्रांतीला येत राहिले. दर वेळी बसमध्ये ठरवायची, आज सांगते. दर वेळी तुम्ही दारातूनच म्हणायच्या, "आली माझी देवासवाली," आणि मला वाटायचं, पुढच्या खेपेला.

गेल्या हिवाळ्यात तुमच्या मुलाने आपल्याला मांडूला नेलं. तो सुनेला आणि नातीला महाल दाखवायला पुढे गेला, आपण दोघी चिंचेच्या झाडाखाली थांबलो. दाल आणि पानात भाजलेले मक्याचे पानिये खाल्ले. तुम्ही बोटं पुसता पुसता अचानक म्हणालात, "त्या जुलेखाला मी माफ केलं गं."

मी हातातला घास खाली ठेवला.

"तिने सांगितलं म्हणून तर मी वाचले, खरंय ते. आणि तिने कुठे शपथ घेतली होती? तिचा काय दोष. शपथ घेऊन जो मोडतो, त्याची गोष्ट निराळी." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "तू असतीस तर नसतं केलंस."

जिजी, मी म्हणाले, "चांगलं केलंत, माफ केलंत ते."

त्या झाडाखाली जे झालं, त्याचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं. बेटावर मी घाबरले होते, नवखी होते, एकटी होते. मांडूला काय होतं? थंडीचं कोवळं ऊन होतं, तुमचा हात पाठीवर होता. फार तर तुम्ही रागावला असतात. महिनाभर फोन उचलला नसता. मग उचलला असता. मला तुमचा स्वभाव काय ठाऊक नव्हता? तरी मी गप्प बसले. सुनेचा फोन आला तेव्हा मी टोंकखुर्दच्या बसमध्ये उभी होते. ती म्हणाली, सकाळी खुर्चीत बसल्या बसल्याच गेल्या, हातात नातीची वही होती. आणि जिजी, रडू यायच्या आधी एका क्षणासाठी मला हायसं वाटलं. आता सांगावं लागणार नाही, असं. हेही लिहून टाकते. ज्या बाईने मला मराठी वाचायला शिकवलं, तिच्या मरणावर मला आधी हायसं वाटलं.

ते हायसं बस देवासला परतेपर्यंतही टिकलं नाही.

तेराव्याहून आले आणि दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, जुलेखाचा नंबर शोधला. अजून तोच चालू होता. मी हिंदीतून आवाजी निरोप रेकॉर्ड केला. चारदा पुसला. पाचव्यांदा पाठवला. बडी टीचर गेली. तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं की आजाराचं तू सांगितलंस. सांगितलं मी होतं. तुझ्यावर आळ मी येऊ दिला. धक्क्यावर ती तुझ्याशी बोलली नाही, ते माझ्यामुळे.

निरोप ऐकल्याच्या निळ्या खुणा आल्या. मग काहीच नाही. मी फोन उलटा ठेवला आणि धुणं घातलं.  मला वाटलं ती शिव्या देईल. वाटलं, द्याव्यात.

दुपारी तिचा फोन आला. मी उचलला तर ती रडत होती, बराच वेळ. मग म्हणाली, "छोटी, मैं तो कुछ और ही समझी थी. वो पूजा का टाइम था ना. मैंने अपने हाथ से पानी पिला दिया. मुझे लगा उनका व्रत टूट गया मेरी वजह से. इसलिए मुँह फेर लिया. चार साल से मैं अल्लाह से उसकी माफ़ी माँग रही हूँ."

जिजी, ऐकलंत ना? तुम्हाला घोट घोट पाणी पाजलं, म्हणून ती चार वर्षं माफी मागत होती. आणि तुम्ही तिला माफ करत होतात. आणि मी, मधे, सगळं ठाऊक असून, दोघींचं ऐकत होते.

मी तिला सांगितलं, व्रत काही नव्हतं, तुम्ही ते शहाळं शेवटच्या थेंबापर्यंत प्यालात, आणि गेल्या हिवाळ्यातही तिचं नाव घेतलंत. माफीचं सांगितलं नाही. कशाची माफी?

माझ्यावर ती रागावली का, मला माहीत नाही. तसं काही म्हणाली नाही. फक्त एक विचारलं. तुमच्यासाठी तिच्या पद्धतीने दुआ मागितली तर तुम्हाला चालेल का, की तुमच्या धर्मात त्याने काही बिघडतं?

मला कुणालाही विचारता आलं असतं. तुमच्या मुलाला, दिरांना, धारच्या गुरुजींना. विचारलं असतं तर चार मतं पडली असती.

मी म्हटलं, "चलेगा. माँग लो."